परदेशातलं मशीन पुण्यातून कसं गाठायचं: सिम, राउटर आणि किल्ली कुणाकडे

भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात एसपीएम बनवणारे, म्हणजे ग्राहकाच्या एकाच कामासाठी खास मशीन घडवून देणारे, पुष्कळ कारखाने आहेत. त्यांची मशीनं समुद्रापलीकडेही जातात. असं मशीन तिकडे थांबलं की बिघाड बरेचदा किरकोळ निघतो. एखादा प्रॉक्सिमिटी सेन्सर जागचा हललेला असतो, ड्राइव्हचं, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाचं, एखादं पॅरामीटर कुणीतरी बदललेलं असतं, किंवा प्रोग्रॅममधला एक टायमर तिथल्या थंडीत अपुरा पडत असतो. बघणाऱ्याला कारण सापडायला थोडा वेळ पुरतो. पण बघणारा पुण्यात, मशीन मेक्सिकोत. व्हिसा, तिकीट, प्रवास हे सगळं होईपर्यंत ग्राहकाची लाइन उभी आणि वॉरंटीचा खर्च आपल्या गळ्यात.

म्हणून आता बरेच जण मशीनच्या पॅनलमध्ये सिमकार्डवर चालणारा राउटर बसवून पाठवतात, म्हणजे इथल्या लॅपटॉपवरून तिथलं मशीन बघता येतं. हा विषय सध्या ऐरणीवर आहे तो आणखी एका कारणाने. युरोपीय संघाचा नवा यंत्रविषयक कायदा, क्रमांक २०२३/१२३०, हा २० जानेवारी २०२७ पासून लागू होण्याचा आहे आणि दुरून जोडल्या जाणाऱ्या मशीनबद्दल त्यात स्पष्ट अटी आहेत. युरोपात माल पाठवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राउटर विकत घेणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम दोन गोष्टी ठरवण्याचं आहे: जोडणी मशीनने बाहेरच्या दिशेने करायची की बाहेरच्याने आत शिरायचं, आणि ती जोडणी चालू करायची किल्ली कुणाच्या हातात राहील. या दोन्ही गोष्टी मशीन लाकडी पेटीत जाण्याआधी ठरवाव्या लागतात.

पॅनलच्या आत काय असतं

मशीनचा मेंदू म्हणजे पीएलसी. हा एक छोटा, टणक संगणक. सेन्सरकडून खबर घेतो, त्यातल्या प्रोग्रॅमनुसार मोटारी आणि व्हॉल्व्ह चालवतो. ऑपरेटरसमोर जो टचस्क्रीन असतो तो एचएमआय. हे दोघं, सोबत ड्राइव्ह वगैरे, पॅनलमधल्या एका लहानशा नेटवर्कवर एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाला १९२.१६८.१.१० अशा धाटणीचा आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या उपकरणांच्या आपसातल्या भाषा फार विश्वासू आहेत. मॉडबस ही त्यातली सर्वांत पसरलेली भाषा १९७९ सालची. तिच्या मूळ रचनेत पासवर्ड नाही, 'तू कोण' असं विचारण्याची सोयही नाही. हुकूम आला की उपकरण तो पाळतं. पॅनलचं दार बंद आहे तोवर यात धोका नव्हता. त्या पॅनलला इंटरनेट जोडलं की हाच विश्वासूपणा सगळ्यात कच्चा दुवा होतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सिम आहे, इंटरनेट आहे, तरी मशीन सापडत का नाही?

पहिल्यांदा प्रयत्न करणारा इथेच अडखळतो. राउटरमध्ये सिम घातलं, त्यावरून इंटरनेट चालतंय, पण पुण्यातून त्या मशीनला हाक मारली की उत्तर येत नाही.

कारण पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचे जुने, अजूनही सर्रास वापरातले पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. मोबाइल कंपन्यांकडे ग्राहक अफाट आणि पत्ते मोजके, म्हणून त्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात.

सदाशिव पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर घर क्रमांक एकच, आत बिऱ्हाडं वीस. आतून कुणी पत्र धाडलं तर ते वाड्याच्या क्रमांकावरून जातं. उत्तर आलं की दारावरचा माणूस वहीत बघतो, 'हे मघाशी कुलकर्ण्यांनी पाठवलेल्याचं उत्तर', आणि त्यांना नेऊन देतो. पण कुणी अनोळखी नुसता वाड्याचा क्रमांक घालून पत्र पाठवेल तर ते कुणाचं हे त्याला कळायचं कसं? ते परत जातं. मोबाइल कंपनीची ही व्यवस्था, जिला सीजीनॅट म्हणतात, हुबेहूब तशी चालते. आतून बाहेर वाट मोकळी, बाहेरून आपणहून आत येणाऱ्याला वाट नाही.

तपासणं सोपं आहे. राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर, सिमला मिळालेला पत्ता बघा. तो १० ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर तुम्ही वाड्याच्या आत आहात.

मग फिक्स आयपी घेतला की झालं ना?

पुष्कळांना हाच उपाय सुचतो. काही मोबाइल कंपन्या जादा पैसे घेऊन सिमला कायमचा सार्वजनिक पत्ता देतात. मग राउटरमध्ये 'या पत्त्यावर येणारी हाक थेट पीएलसीकडे धाड' अशी सोय केली की पुण्यातून मशीन दिसायला लागतं. खर्च फारसा नाही आणि काम झटपट होतं.

कृपा करून हे करू नका. सार्वजनिक पत्ता तुम्हाला दिसतो तसा साऱ्या जगाला दिसतो. जगभरचे पत्ते चोवीस तास चाळत राहणारे आणि कुठे कोणतं उपकरण उघडं आहे याची यादी करणारे प्रोग्रॅम आहेत. उघड्यावर ठेवलेला पीएलसी त्यांना सापडायला वेळ लागत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलिक्विपा या गावाच्या पाणीपुरवठ्याच्या एका पंपिंग स्टेशनवर हेच झालं. तिथला पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि कर्मचाऱ्यांना तो बंद करून पंप हाताने चालवावे लागले. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्यानंतर या प्रकारच्या पीएलसीबद्दल इशारा काढला. इंटरनेटवर उघडी ठेवलेली आणि कारखान्यातून आलेला '११११' हा पासवर्डही न बदललेली उपकरणं हे त्या इशाऱ्याचं मूळ होतं. कुलूप फोडायची वेळच आली नव्हती.

दोघांनी बाहेर भेटायचं

योग्य उपाय वाड्याच्याच रचनेतून निघतो. बाहेरचा आत येऊ शकत नाही, पण आतला बाहेर जाऊ शकतो. मग मशीनकडचा राउटर बाहेर येऊन एका ठरलेल्या ठिकाणी उभा राहतो, पुण्यातला इंजिनियरही तिथेच जातो, आणि दोघांची गाठ तिथे पडते.

हे ठिकाण म्हणजे एक सर्व्हर. राउटर चालू झाला की आपणहून या सर्व्हरशी सांकेतिक, कुलूपबंद जोडणी करतो. अशा जोडणीला व्हीपीएन म्हणतात. इंजिनियरही आपल्या लॅपटॉपवरून त्याच सर्व्हरशी तशीच जोडणी करतो. सर्व्हर दोघांची ओळख पटवतो आणि मगच जोडून देतो. यात मशीनच्या बाजूला एकही दार बाहेरून उघडं ठेवावं लागत नाही. फिक्स आयपी लागत नाही, सीजीनॅटही आड येत नाही.

सर्व्हर कुणाचा? दोन वाटा आहेत. ईवॉन, टेलटोनिका अशा राउटर बनवणाऱ्यांची स्वतःची भेटण्याची व्यवस्था असते, तिथे खातं काढायचं. नाहीतर भाड्याच्या सर्व्हरवर ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड हे मोफत सॉफ्टवेअर बसवून आपली व्यवस्था उभारायची. ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारा, वेळच्या वेळी त्याची दुरुस्ती करणारा माणूस नाही त्यांनी पहिली वाट धरावी असं माझं मत आहे. दुर्लक्षित सर्व्हर म्हणजे आपल्या सगळ्या ग्राहकांच्या मशीनचं एकच उघडं दार.

आणि खात्याला नुसता पासवर्ड पुरत नाही, मोबाइलवर येणारा दुसरा कोडही लागतो. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये वीजवितरणावर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तिथे व्हीपीएन होतं. पण हल्लेखोरांनी कर्मचाऱ्यांचे पासवर्ड आधीच चोरले होते आणि दुसरा कोड कुणी मागतच नव्हतं. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरून एकेक ब्रेकर उघडत गेला.

आपलंच सिम रोमिंगवर घालून पाठवलं तर?

चार दिवसांच्या ट्रायलपुरतं चालेल. पाच वर्षांसाठी नाही. रोमिंग प्रवाशासाठी असतं, परदेशात कायमचं बसलेल्या उपकरणासाठी नव्हे, आणि अनेक देश व कंपन्या हा फरक करतात. ब्राझीलमध्ये परदेशी सिम कायमचं रोमिंगवर ठेवायला मनाई आहे. तुर्कस्तानात बाहेरून आलेल्या उपकरणाचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, नोंदवला नाही तर ठरावीक मुदतीनंतर ते नेटवर्कवरून बंद होतं. मशीन महिना-दोन महिने छान दिसतं आणि एक दिवस गायब होतं. राउटर बिघडला असं आपण समजत बसतो.

त्यापेक्षा ग्राहकाने त्याच्या देशातलं डेटा सिम घ्यावं. ओळखपत्रांची पूर्तता त्याच्या नावाने होते, बिल त्याच्याकडे जातं आणि हवं तेव्हा सिम काढून घ्यायचा हक्कही त्याचाच राहतो. मात्र प्रीपेड सिम नको. मशीन चार महिने नीट चाललं तर कुणाला राउटरची आठवण होत नाही, रिचार्ज संपतो आणि गरजेच्या दिवशी सिम मेलेलं असतं. बऱ्याच देशांत माल जात असेल तर उपकरणांसाठी बनवलेली, अनेक देशांत चालणारी आयओटी सिमं मिळतात. ती घेताना 'अमुक देशात कायमस्वरूपी चालेल का' हे लेखी विचारून घ्या.

सोबत एपीएनही मागून घ्या. त्या मोबाइल कंपनीच्या डेटाच्या वाटेचं नाव म्हणजे एपीएन. आपल्या फोनमध्ये ते आपोआप भरलं जातं, राउटरमध्ये अनेकदा हाताने भरावं लागतं.

डेटा किती लागेल? मशीनने दर मिनिटाला एक किलोबाइट माहिती पाठवली तर महिन्याला साधारण ४३ एमबी होतात, म्हणजे काहीच नाही. पण पॅनलवर कॅमेरा लावून १ एमबीपीएसने चित्र बघत बसलात तर तासाला ४५० एमबी जातात. पॅनलमध्ये विंडोजचा संगणक असेल तर त्याचे अपडेट या सिमवरून उतरणार नाहीत याची तजवीज आधीच करा.

पुण्यात चालणारा राउटर तिकडे मुका का होतो?

मोबाइल टॉवर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात त्यांना बँड म्हणतात आणि ते देशागणिक वेगळे आहेत. भारतात फोरजीसाठी बँड ३, ५, ८, ४० हे मुख्य. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६, ७१. युरोपात ३, ७, २०, २८ वगैरे. म्हणून एकाच मॉडेलचे राउटर वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगळे बनतात. इथल्या बाजारातला राउटर अमेरिकेला पाठवला तर त्याला टॉवर दिसेलच असं नाही. युरोपात तो बँड ३ वर लागेल कदाचित, पण शेडच्या आत पोहोचतो तो कमी फ्रिक्वेन्सीचा बँड २० त्याच्याकडे नसेल. मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं ग्राहकाच्या देशाशी जुळवून बघा, आणि त्या देशात लागणारं वायरलेस प्रमाणपत्र त्या मॉडेलला आहे ना हेही.

थ्रीजीचा स्वस्त राउटर तर नकोच. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, जर्मनीत २०२१ मध्येच ते गेलं होतं आणि ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये संपलं.

रेंजचा प्रश्न पॅनल स्वतःच निर्माण करतं. पोलादी पेटी रेडिओ लहरी अडवते. त्यामुळे अ‍ॅन्टेना आत ठेवून दार लावलं की रेंज पडते. ती बाहेर, पॅनलच्या वर, ड्राइव्हच्या केबलपासून लांब बसवा. वायर फार लांबवू नका, लांबीत सिग्नल झिजतो. राउटर आरएसआरपी नावाचा एक उणे आकडा दाखवतो. तो उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११० च्या पलीकडे गेला तर जोडणी तुटत राहणार.

व्हीपीएन लागलं, पीएलसी मात्र दिसत नाही

फोनवर सगळ्यात जास्त वेळ यात जातो. पहिलं कारण जवळजवळ नेहमी एकच: पीएलसीच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना रिकामा असतो. आपला निरोप पीएलसीपर्यंत पोहोचतो, पण उत्तर कुणाच्या हातून बाहेर धाडायचं हे त्याला माहीत नसतं. तिथे राउटरचा आतला पत्ता भरला की काम होतं. मशीन तिकडे गेल्यावर हा एवढासा रकाना भरायला तिथल्या फिटरला लॅपटॉप लावायला सांगावं लागतं आणि त्याच्याकडे ते सॉफ्टवेअर नसतं.

दुसरं कारण सारखे पत्ते. आपल्या ऑफिसात १९२.१६८.१ ची मालिका, मशीनमध्येही तीच. मग लॅपटॉप मशीनला इथेच ऑफिसात शोधत बसतो. प्रत्येक मशीनला वेगळी मालिका द्या आणि वहीत नोंद ठेवा. तिसरं कारण घड्याळ. राउटरची तारीख चुकलेली असेल तर व्हीपीएनचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. आणि पिंग, म्हणजे 'आहेस का' या हाकेला उत्तर, मिळतो पण प्रोग्रॅम उघडताना सगळं अडकतं, असं झालं तर निरोपाच्या तुकड्यांचा आकार, म्हणजे एमटीयू, १३०० च्या आसपास आणून बघा.

एवढा व्याप कशाला? ग्राहकाचं वायफाय आहे, एनीडेस्क आहे!

एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याच्या संगणकाचा पडदा दुरून बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. त्याचं पुढे बघू, आधी इंटरनेटचं. ग्राहकाच्या आयटी विभागाने लेखी परवानगी दिली आणि वेगळी लाइन दिली तर त्याच्या इंटरनेटवर जरूर जोडा, ते सिमपेक्षा स्थिर असतं. पण बहुतेक आयटी विभाग परक्या मशीनला आपल्या नेटवर्कवर घ्यायला तयार नसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. सिमवरचा राउटर त्यांच्या नेटवर्कला स्पर्श करत नाही, ही सिमची मोठी जमेची बाजू. एक पथ्य मात्र पाळा: एकाच राउटरला सिमही लावायचं आणि ग्राहकाची केबलही जोडायची असं करू नका. त्याने त्यांच्या फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याला, चुकवून मागून वाट तयार होते.

तिथल्या कुणाच्या लॅपटॉपवर एनीडेस्क घेऊन पीएलसी बघणं अडीअडचणीला चालतं. पण तो लॅपटॉप, त्यावरचं लायसन्स आणि समोर बसणारा माणूस हे तिन्ही हजर असतील तेव्हाच.

आणि मशीनपाशी कुणी उभं असेल तर?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पुण्यात बसलेल्या माणसाला पडद्यावर बिट दिसतात, माणूस दिसत नाही. गार्ड उघडून कुणी डायमध्ये हात घालून उभा असेल आणि आपण इथून एखादा आउटपुट जबरदस्तीने चालू केला, तर काय होईल ते सांगायला नको.

त्यात अंतराची भर. पुणे ते मध्य मेक्सिको सरळ रेषेत साडेपंधरा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायलाच किमान १५५ मिलिसेकंद लागतात. केबल सरळ रेषेत नसतात, पुढे मोबाइल नेटवर्क, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुपटीची तयारी ठेवायची. आपण पडद्यावर बघतो ते मशीनचं थोडं आधीचं चित्र असतं. मधेच जोडणी तुटू शकते ती वेगळीच.

म्हणून काही नियम कडक असावेत. इमर्जन्सी स्टॉप आणि गार्डचे इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडताच मशीन थांबवणारे स्विच, प्रत्यक्ष तारांनी जोडलेले असावेत, दुरून कुणालाही ते ओलांडता येऊ नयेत. हलणारे भाग दुरून चालवू नयेत. बघणं, नोंदी वाचणं, प्रोग्रॅम तपासणं दुरून. हालचाल तिथल्या माणसाच्या हातून. प्रोग्रॅम बदलायचा असेल तर मशीन थांबवून, आधीच्या प्रोग्रॅमची प्रत ठेवून आणि तिथल्या माणसाला फोनवर धरून बदलावा.

आणि पॅनलवर एक किल्लीचा स्विच असावा. किल्ली ग्राहकाच्या मेंटेनन्स प्रमुखाकडे. त्याने फिरवली तरच राउटरची व्हीपीएन जोडणी सुरू होते आणि मशीनवर दिवा लागतो, म्हणजे आजूबाजूच्यांना कळतं की कुणीतरी दुरून बघतंय. काम झालं की किल्ली परत. अनेक राउटरना यासाठी एक डिजिटल इनपुट असतो, त्यामुळे खर्च एका स्विचचा आणि दोन वायरींचा. 'तुम्ही आमचं उत्पादन चोरून बघाल' ही ग्राहकाची भीतीही या किल्लीने जाते. तशी भीती वाटणं साहजिक आहे. उद्या आपल्या कारखान्यातलं परदेशी मशीन आपल्याला न विचारता बाहेर बोलायला लागलं, तर आपल्याला चालेल का?

युरोपचा नियम काय मागतो

नव्या कायद्यात सांगितलं आहे ते थोडक्यात असं: दुरून जोडलेल्या उपकरणामुळे मशीन धोकादायक स्थितीत जाता कामा नये, सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअरला संरक्षण हवं, आणि त्यात कुणी, अधिकृत वा अनधिकृत, हस्तक्षेप केला तर त्याचा पुरावा मशीनने नोंदवून ठेवायला हवा. म्हणजे कोण कधी आलं आणि काय बदललं याची नोंद ही आता नुसती चांगली सवय राहत नाही. याशिवाय डिजिटल उत्पादनांच्या सायबर सुरक्षेचा वेगळा कायदा, २०२४/२८४७, त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. किल्ली, प्रत्येकाचं वेगळं खातं आणि नोंदवही ज्यांनी आधीच बसवली आहे त्यांचं निम्मं काम झालेलं असेल.

पेटी बंद करण्याआधी

कारखान्यातल्या अंतिम ट्रायलला राउटरचीही ट्रायल घ्या. त्यात इथलं सिम घाला, ऑफिसचं नेटवर्क पूर्ण तोडा, आणि इंजिनियरला घरून जोडायला सांगा. पीएलसी ऑनलाइन दिसतो का, एचएमआय दिसतो का, नुसतं राउटरचं पान नव्हे. मग पॅनलवरची किल्ली चालूच ठेवून मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि कुणीही हात न लावता जोडणी परत उभी राहते का ते बघा. जोडणी अडकली तर राउटरने स्वतःच पुन्हा सुरू व्हावं अशी सोय बहुतेक औद्योगिक राउटरमध्ये असते, ती चालू ठेवा. मूळचे सगळे पासवर्ड बदला. राउटर अमेरिकेच्या किंवा युरोपच्या बँडचा असेल तर इथल्या टॉवरवर तो नीट लागेलच असं नाही. अशा वेळी त्याच्या इंटरनेटच्या पोर्टला फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्या एखाद्या राउटरमार्फत जोडून बाकीचं सगळं तपासता येतं. सिम आणि अ‍ॅन्टेना एवढंच तिकडे बघायचं उरतं.

कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या. सिमचं बिल कोण भरणार, आणि वॉरंटी संपल्यावर त्या राउटरचं खातं कुणाकडे जाणार. आपल्याकडचा सर्व्हिस इंजिनियर नोकरी सोडून गेला तर त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, हे ऑफिसात कुणाचं काम आहे तेही नावानिशी ठरवा.